तव्यावरची घंटा

मंडळी, एक सांगा बरं! कारागिराचं नाव कशानं मोठं होतं? विकल्या गेलेल्या मालानं, की त्यानं स्वतःच्या हातानं मोडलेल्या मालानं? थांबा, घाई नको. आधी ऐका!

आजचं आख्यान अमेरिकेतलं. दचकू नका! आपल्या उद्यमनगरात भट्ट्या, तशा तिथंही भट्ट्या. लोखंड काही भाषा बघून तापत नाही! कंपनीचं नाव पेनिमन. नाव कथेतलं आहे, नाहीतर उद्या दुकानात विचारत बसाल! तर ही कंपनी तव्यांसाठी जगात गाजलेली. आणि प्रत्येक तव्याच्या पाठीवर काय? घंटा! आता तव्यावर घंटा कशाला हो? भाकरी झाली की वाजवायला?

तर या कंपनीचा मूळ पुरुष एझ्रा पेनिमन. तो तवे करतच नव्हता! लोखंडी घंटा ओतायचा. लहान लहान, शाळेच्या, शेतावरच्या. आणि एकदा गावच्या चर्चनं मोठी घंटा सांगितली. ती वाजली तर आजूबाजूच्या गावांची कामं येणार. नाही वाजली तर भट्टीला कुलूप!

त्या गावची रीत अशी — घंटा मनोऱ्यात चढवण्याआधी मैदानात टांगायची आणि पहिला टोला ओतणाऱ्यानंच द्यायचा. सगळ्या गावासमोर!

पण एझ्राकडून चूक झाली. सणाच्या आधी द्यायची म्हणून साचा पुरता निवण्याआधीच उघडला. फाउंड्रीतली मंडळी बघा कशी मान हलवायला लागली! केसाएवढी चीर गेली. बोटानं टिचकी मारली — बद्द!

मेहुणा सायलस म्हणाला, "भाऊजी, चीर बुजवा, वर काळा रंग मारा. उद्या टोला जरा हळू द्या. एकदा वर चढली की कोण बघतंय?"

"कान आहेत की लोकांना!"

"कान भरले की पोट भरतं का? ताईला काय सांगणार, भट्टी का विझली ते?"

सायलस वाईट नव्हता हो. बहिणीच्या संसाराचीच काळजी होती त्याला. आपल्याही घरात असा एक असतोच!

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. एझ्रानं हातोडा उचलला. हळू? छे! सगळी ताकद लावून हाणला! गुंडोपंत, तबल्यावर ओला हात ठेवून थाप मारा बरं... ऐकलंत? तस्साच आवाज!

लोक हसले. फ्लोरा नावाची बेकरीवाली तर ओरडली, "एझ्रा, घंटा केलीस की बादली?"

एझ्रा म्हणाला, "बादलीसुद्धा नाही, बाई. साचा मी लवकर उघडला. ही माझ्या नावानं वर चढणार नाही!" आणि दुसऱ्या टोल्याला — फोडली!

काम गेलं. चर्चनं घंटा दुसरीकडून आणली. एझ्रानं त्याच तुकड्यांचे तवे ओतले आणि बाजारात दोरीला टांगले. कोणी फिरकेना! शेवटी आली कोण? फ्लोरा! सायलस कुजबुजला, "आली बादलीवाली!"

तिनं एक तवा उचलला. एझ्रा म्हणाला, "वाजवून घ्या, बाई."

"कशाला? ज्यानं भरल्या गावात स्वतःची घंटा फोडली, तो मला चिरलेला तवा देईल होय? चार बांध!"

मंडळी, त्या दिवशी सायलसनंच सांगितलं, "भाऊजी, साच्यात घंटा कोरा. फुटलेलीच आपली निशाणी!" आणि तेव्हापासून पेनिमनांची पोरंबाळं ती अभिमानानं मिरवतात. जी वाजली नाही, ती घंटा!

आता तुमच्याकडे येतो. बाजारात माठ घेताना तुम्ही टिचकी मारता. जावई बघताना दहा ठिकाणी टिचक्या मारता! हसू नका, पाटीलकाकू! पण आपलं काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याला टिचकी मारता का? आणि बद्द वाजलं, तर हातोडा कुठं ठेवलाय, आठवतंय ना?

जा आता घरी. वाटेत उत्तर द्यायचं आहे... मला नव्हे, ज्यानं तुम्हाला ओतलं, त्याला!