अर्ध्यात राहिलेला सिपारा

बसा ताई, तुमच्या सलवारीचा नेफाच तेवढा राहिला आहे, बोलता बोलता घालून देते. तुम्ही दीक्षितपुऱ्यातून घमापुरात इतक्या लांब माझ्याकडं येता अन् आल्या की मराठीत बोलता, मले लय बरं वाटते. या घरात मराठी कोणालेच समजत नाही. म्हणून जे आज सांगून राहिली ते सांगता येते, दारावरून कोणी गेलं तं त्याले वाटन, बायका कपड्याचं बोलून राहिल्या.

माझं माहेर वर्धेकडचं, लहान गाव, मुसलमानांची चारच घरं. अब्बा सायकलीचं दुकान चालवायचे, पंक्चर, चेन, असंच. घरात आमची अर्धीमुर्धी हिंदी, बाकी गल्लीत मराठी, शाळेत मराठी, सातवीपर्यंत मी मराठीच शिकली. गावात मशीद नव्हती, शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून नमाजेपुरतं तोंडपाठ होतं पण कुराण उघडून वाचता येत नव्हतं. अन् लग्न होऊन आली इथं, जबलपुरात, जिथं सात-सात वर्षांच्या पोरी धडाधड वाचतात. काय सांगू तुम्हाले, नवी नवरी अन् कुराण वाचता येत नाही, मले वाटे जमीन फाटावी. पण माझ्या सासूनं, अम्मीनं, कोणालेच कळू दिलं नाही. दुपारी आमचे हे रिछाईच्या कारखान्यात गेले की अम्मी दाराची कडी लावायच्या, मले समोर बसवायच्या, अन् अलिफ, बे, ते. त्यांचं एक बोट होतं, हे पहिलं, नखावर मेंदीचा रंग कायमचा. ते बोट ओळीखाली ठेवायच्या अन् जोवर मी अक्षर बरोबर म्हणत नाही तोवर बोट पुढं सरकायचं नाही. दोन वर्षं लागली ताई. ज्या दिवशी माझं पूर्ण वाचून झालं त्या दिवशी अम्मीनं शीरखुर्मा केला अन् शेजारी विचारून राहिले काय आहे आज, तं म्हणाल्या कुछ नहीं, मन हुआ. बावीस वर्षं त्यांनी माझी ती गोष्ट झाकली.

तं आता समजा, अशा सासूचं मी काय केलं.

झोपेचं सुरू झालं त्याले आता दीड वर्ष होईल. अम्मी बिछान्याले लागल्या होत्या, मले म्हणायच्या, पढ़ बेटा, यासीन पढ़, यासीन म्हणजे आजारी माणसापाशी वाचतात तो कुराणातला अध्याय, अन् मी उशाशी बसून वाचायची, पाच ओळी होत नाही तं अक्षरं हलायले लागायची, डोळे आपोआप मिटायचे. झोप म्हणजे अशीतशी नाही. डोक्यावरून कोणी जाड गोधडी टाकावी तशी यायची. अम्मी हळूच माझ्या गुडघ्यावर टकटक करायच्या. मी उठून वजू करायची, म्हणजे नमाजेआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुवायची, तोंडावर गार पाणी मारायची, जिभेखाली लवंग ठेवायची, मांडीले चिमटे घ्यायची, इथं निळं पडायचं. पुन्हा बसली की पुन्हा तेच. माझी नणंद शमीम, आमच्या यांची मोठी बहीण, सगळे तिले आपा म्हणतात, पलीकडच्याच गल्लीत राहते. आपा म्हणजे कडक बाई. तिनं एकदा पाहिलं तं म्हणाली, टीव्ही के सामने तो नींद नहीं आती होगी. तिले काय माहीत, झोप तं टीव्हीसमोरही येत होती, मशीनवरही येत होती, भाजी निवडता निवडता येत होती. एका सूटच्या दोन्ही बाह्या मी एकाच बाजूले लावल्या, सुई नखातून गेली. पण ते मी मोजलंच नाही ताई. ते सारं माझ्या मते थकवा होता. कुराणापाशी आलेली झोप तेवढी मोजली, कारण ती माझ्या मते गुन्हा होती. कोणी म्हणे शैतान बसते डोळ्यावर, कोणी म्हणे नजर लागली, कोणी पढ़ा हुआ पानी, दुआ फुंकलेलं, आणून दिलं, तेही पिली. अन् मनात एकच, की माझा ईमान कच्चा आहे, मी उशिरा शिकलेली, माझ्या जिभेवर ते बसलंच नाही.

अम्मी गेल्या. त्यांच्या चालिसव्याले, चाळिसाव्या दिवशी, घरात खतम ठेवला. तुम्हाले सांगते कसं असते. कुराणाचे तीस भाग असतात, एकेका भागाले सिपारा म्हणतात, अन् अशा वेळी तीस पातळ पुस्तकं वेगवेगळी बांधलेली मशिदीतून आणतात. चादर टाकायची, मधात चौकी, चौकीवर ती तीस पुस्तकं. आलेली प्रत्येक बाई एक उचलते, वाचते, अन् वाचून झालं की चौकीच्या दुसऱ्या बाजूले ठेवते. इकडची थप्पी कमी होत जाते, तिकडची वाढत जाते. सगळे तीस तिकडं गेले की पूर्ण कुराण वाचून झालं, मग दुआ होते अन् त्याचं पुण्य, आमच्यात सवाब म्हणतात, गेलेल्या माणसाले बख्शतात, त्याच्या नावानं देऊन टाकतात. कोणी कोणाले विचारत नाही, तू खरंच पूर्ण वाचलं का. विचारण्याची गोष्टच नाही ती.

मी बाविसावा उचलला. त्याच्या शेवटाले यासीन सुरू होते, अम्मीले मी तीच वाचून दाखवत होती ना, म्हणून मुद्दाम उचलला. आदल्या दिवसापासून बिर्याणीची तयारी, पाहुणे, खुर्च्या, मी उभीच होती. बसली. वाचायले लागली. समोर आपा होती, तिच्या बाजूले शेजारच्या दोघी, सगळ्यांचा तो बारीक आवाज चालू होता, मधमाश्यांसारखा. चार पानं वाचली असतील. बस, तेवढं आठवते. त्याच्यानंतर एकदम कोणाचा तरी पाय लागला अन् डोळे उघडले, तं पाहते तं काय, इकडची थप्पी संपलेली, तिकडं एकोणतीस, अन् सगळ्या बायका माझ्याकडं पाहून राहिल्या. एकजण म्हणाली, दुल्हन, बस आपका ही बचा है. बाहेर हाफिजजी, ज्यांले पूर्ण कुराण तोंडपाठ ते, दुआसाठी बसले होते. आपानं विचारलं, हो गया?

मी म्हटलं, हो गया.

अन् उठून तिकडच्या थप्पीवर ठेवून दिला. दुआ झाली. सगळ्यांनी आमीन म्हटलं, मीही म्हटलं. जेवणं झाली, भांडी झाली, संध्याकाळी ती पुस्तकं बांधून मशिदीत परत गेली. अन् माझ्या डोक्यात एकच गोष्ट, अम्मीले साडेएकोणतीस पोचले. ज्या बाईनं मले अलिफपासून शिकवलं तिच्या हिश्शाचं मी खाल्लं.

तुम्ही म्हणाल, घरी पूर्ण करून टाकायचं, त्यात काय एवढं. मीही तेच म्हटलं. घरी पूर्ण कुराण आहे, दुसऱ्याच दिवशी बसली. जिथं थांबली होती तिथपर्यंतही पोचली नाही. रोज बसायची ताई, रोज, कधी सकाळच्या नमाजेनंतर, कधी दुपारी, अन् रोज उठायची तं गालावर रेहलीच्या लाकडाचा वळ. रेहल म्हणजे ती कुराण ठेवायची घडीची चौकी. मग मले भीती बसली. मले वाटे आता वाचूच दिलं जाऊन नाही राहिलं. खोटं बोलली म्हणून दार बंद झालं. कोणाले सांगू? यांले सांगावं तं त्यांची आई. आपाले सांगावं तं तिचीही आई, अन् ती आपा. आपा रोज यायची, चाय प्यायची, कधी म्हणायची, अल्हम्दुलिल्लाह, अम्मी का खतम कितना अच्छा हो गया, अन् माझ्या हातातला कप बशीवर वाजायचा. चार महिने असे गेले. मी आपाच्या डोळ्यात पाहणं सोडून दिलं. ती आली की मी मशीन चालू करायची, म्हणजे बोलावं लागू नये.

मग तो गॅसचा दिवस आला. सकाळचे दहा असतील, मी दूध ठेवलं अन् तिथंच पाटावर बसली, भिंतीले टेकून. दूध उतू गेलं, आग विझली, गॅस चालूच. मी झोपेत. खिडकी बंद, काहून की थंडी होती. आपा आली, तिले जिन्यातच वास आला, तिनं दार ढकललं, खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, अन् मले दोन्ही खांद्यांनी धरून असं हलवलं की माझे दात वाजले. मरना है क्या, म्हणाली, मरना है क्या तुझे? तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिले कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. अन् कसं काय निघालं माहीत नाही, माझ्या तोंडातून निघालं, आपा, अम्मी का सिपारा पूरा नहीं हुआ. मैं सो गई थी. मैंने झूठ रख दिया.

आपाचे हात खाली पडले. मग म्हणाली, चार महीने? तू चार महीने से मेरे सामने बैठ के चाय पी रही है? वो मेरी माँ थी, म्हणाली. चप्पल घातली अन् चालली गेली. पण जाताना जिन्यातून तिनं यांले फोन लावला, मी ऐकलं, ओरडून म्हणून राहिली, अभी घर आ, इसको डॉक्टर के पास ले जा, ये दिन भर सोती है, हर जगह सोती है, तुम लोगों को दिखता नहीं?

हर जगह. ते तिनंच पहिल्यांदा म्हटलं, मी कधी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं गळा दाबून पाहिला, रक्त तपासायले लावलं. थायरॉइड निघालं, अन् अंगात रक्तही कमी. ती म्हणाली, इतने दिन कैसे चला रही थीं आप? केस गळतात का, थंडी जास्त वाजते का, पाय सुजतात का, जे जे विचारलं ते ते सगळं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, अन् म्हणाली की फरक हळूहळू पडन, महिना दोन महिने, घाई करू नका. मी तिथंच रडली. यांले वाटलं बिमारीनं रडून राहिली. मी रडत होती काहून की ते शैतान नव्हतं. पण खोटं तं खोटंच होतं ना ताई, त्याची गोळी कोणी दिली नाही.

आपा आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सव्वीस दिवस आली नाही. इतकी वर्षं रोज येणारी बाई. गल्लीत दिसली तं दुसरीकडं पाहायची. मी तिच्या घराच्या दारापर्यंत दोनदा गेली अन् परत आली. यांनी विचारलं, झालं काय तुमच्यात, मी म्हटलं काही नाही. गोळी चालू होती, झोप तशीच होती, थोडी कमी, पण होती.

सव्वीस दिवसांनी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटली अन् दार वाजलं. आपा. हातात रुमालात गुंडाळलेला बाविसावा सिपारा, मशिदीतून मागून आणला होता. चाय नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. रेहल मांडली, समोर बसली, उघडला, अन् म्हणाली, पढ़. कहाँ तक हुआ था, वहाँ से नहीं, शुरू से. मी वजू करून आली. ओढणी सारखी केली. बिस्मिल्लाह केलं. आपानं पहिलं बोट ओळीखाली ठेवलं. ताई, मी ते बोट पाहिलं, अगदी अम्मीसारखं बोट, तसंच थोडं वाकडं. मी वाचायले लागली. एक पान, दोन पानं, ती चुकी काढून राहिली, मी सुधरून राहिली, तिसरं पान, अन् मले ते समजलं, ती गोधडी यायले लागली. मी ओठ चावले. आतून म्हणून राहिली, आज नाही, या अल्ला, आज नाही, हिच्यासमोर नाही. अन् गेली मी.

जाग आली तं असरची, तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची अजान होत होती. म्हणजे दीड तास तरी झाला असन. माझं डोकं उशीवर होतं, अंगावर शाल होती. मी धडपडून उठली, मले वाटलं संपलं, आता ही बाई माझं तोंड पाहणार नाही. पाहते तं आपा तिथंच बसलेली, पाठ भिंतीले टेकलेली नाही, काही नाही, तशीच ताठ, अन् तिचं बोट त्याच ओळीखाली. दुसऱ्या हातानं ती तो हात चोळत होती, मुंग्या आल्या होत्या त्याले. म्हणाली, यहाँ तक हुआ था. बस एवढंच. ऊठ म्हटलं नाही, काहून झोपली विचारलं नाही.

मी तिथून पुढं वाचलं.

अकरा दिवस लागले. ती रोज यायची, कधी पानभर, कधी चार ओळी, झोप आली की म्हणायची, सो जा, फिर पढ़ना. मी उठेपर्यंत बोट तिथंच. काल झाला पूर्ण ताई, कालच. यासीन आली तं मी थांबली, वाचवेना, आपानं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं, अम्मी करायच्या तसं. शेवटची ओळ झाली, आपानं हात उचलले, मीही उचलले. मले वाटलं आता मोठी दुआ करन, तिले लय पाठ आहे. पण ती छताकडं पाहून साधं बोलली, जसं बाजूच्या खोलीत कोणाले सांगावं. अम्मी, तुम्हारा पूरा हो गया. देर हुई, बहू को नींद आ गई थी.

चला, झाली तुमची सलवार. नेफा घट्ट घातला आहे, निघणार नाही. अल्ला तुमच्या लेकरांले सुखी ठेवो ताई. अन् दुपारी डोळा लागला तं झोपून घेत जा.