सलीम सरांची कोरी वही

आमच्या सलीम सरांचं ऐका. मशिदीत दोन वेळापत्रकं लागली आणि फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या वेळेत बारा मिनिटांचा फरक. रमजान तोंडावर, सहेरी, म्हणजे रोजाआधीचं खाणं, कधी थांबवायची यावरून लई वाद. सर गणिताचे. म्हणाले, "पहाट फुटते तेव्हा सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर असतो का पंधरावर, ते उजेडच सांगंल." खरी पहाट फुटायची वेळ टिपायला वही, घड्याळ घेऊन आम्ही अंधारातच पिशोरजवळच्या टेकडीवर बसलो.

आधी लांडग्याच्या शेपटीसारखा उभा उजेड आला. "ही खोटी पहाट," सर कुजबुजले. ती विरली. मग पूर्वेला आडवी दुधाळ रेघ हळूहळू पसरत गेली. आम्ही नुसते बघतच राहिलो.

मेंढरं घेऊन चाललेल्या धनगरानं विचारलं, "मास्तर, किती वाजले?"

सर दचकले. सगळं उजाडलं होतं आणि वही कोरी!

"उद्या परत येऊ."

आज पाचवी पहाट झाली. मशिदीत सर सांगतात, "अजून खात्री नाय." घड्याळ तर आता घरीच ठेवून येतात.