हवेत हलवलेले हात

सिनेमातले ते अंतराळवाले पाह्यले ना तुमी, काचेले बोटही लावत नाईत. हवेत हात हलवला का अख्खं यान थांबते. त्याईले एकदा आमच्या आंजी गावच्या विहिरीवर आना म्हनतो मी.

लाइन गेलती. माहा भाऊ गजानन विहिरीत उतरून मोटरच्या केबलच्या जोडावर टेप गुंडाळून राह्यलता. मी वर ओला दोर धरून उभा. आमची मोटर फोनवरून चालते, मीच हौसेनं बसवली. म्हनून पार शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या विजेच्या पेटीपर्यंत जाऊन खटका पाडाचे कष्ट कोनी घेतले नाई.

अन् फोन वाजला. 'लाइन आली. एका मिनिटात मोटर सुरू होईल.' खाली लाल बटन, 'थांबवा'.

दाबलं. काईच नाई, बोटं ओली होती. पुन्हा दाबलं तं कॅमेरा उघडला. सदऱ्याले हात पुसावे तं सदराही ओला. "गजा, केबल सोड" म्हनून बोंबललो, पन विहिरीत नुसता आवाज घुमला. पेटी पार तिकडे. मंग वेड्यावानी दोन्ही हात हवेत झटकाले लागलो.

गजाननं वर पाह्यलं. केबल सोडली अन् पायऱ्या चढून आला. काठावर टेकला न टेकला का खाली मोटर घुरघुरली.

तो म्हने, "बरं झालं, हात हलवून वर बोलावलं तू."

"बोलावलं नाई बे," मी म्हटलं. "हात वाळवून राह्यलतो."