डावीकडे ओढणारं चाक

स्वाती : "मुली व महिलांनी स्टिअरिंगच्या मशीनवर बसू नये. त्यांच्या ओढाताणीने चाक बिघडून डावीकडे ओढू लागले आहे. रविवारच्या स्पर्धेत त्यांना प्रवेश नाही. आदेशावरून." ही पाटी कोणाच्या आदेशावरून, भूपेश?

भूपेश : गेम पार्लर माझं मॅडम, मग आदेश पण माझाच ना. आणि तुम्ही मला कॉलेजात 'अरे' म्हणायच्या.

स्वाती : तेव्हा तुम्ही पाट्या लावत नव्हता, माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला निमूट झोपत होता. माझ्या भाचीखेरीज या मशीनवर आजवर किती जणी बसल्या?

भूपेश : ही एकटीच.

स्वाती : म्हणजे एकीसाठी अख्खी स्त्रीजात हद्दपार. संचिता, चाक केव्हापासून ओढतंय?

संचिता : मी बसले तेव्हापासून, मावशी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं, चाक असंच असतं. हाताला कीबोर्डची सवय, म्हणून आधी नुसते हिसके द्यायचे, गाडी वळवळत कठड्यावर. चाक उलटा धक्का मारायचं. पेडल लादीवरून पळायचं, त्याला मागून चपलेचा टेकू लावला. मग कळलं, सरळ जायचं तर चाक थोडं उजवीकडेच धरून ठेवायचं. मनगटं भरून यायची.

भूपेश : ऐका! मनगटं भरेपर्यंत ओढलं, मग बिघडणार नाय तर काय?

स्वाती : बिघाड आधी झाला आणि बिघडवणारी नंतर आली. तर्कशास्त्रात ही भर तुमचीच. दसऱ्याला काय केलंत?

भूपेश : पूजा. स्टिअरिंग आहे म्हटल्यावर गाडीच झाली ना ती. दोन्ही मशीनना हार घातला, नारळ फोडला. हार घसरत होता, म्हणून दोरा चाकातून ओवून मागे टेबलाला बांधला.

स्वाती : आणि हार सुकल्यावर?

भूपेश : हार काढला.

स्वाती : मी हार विचारला नाही. संचिता, चाकामागे हात घाल.

संचिता : दोरा आहे, मावशी. घट्ट. झेंडूच्या पाकळ्या पण आहेत.

स्वाती : तोड. आता वायर काढून परत जोड, आणि चाकाला हात लावू नकोस.

(चाक आपोआप डावीकडे फिरते, उजवीकडे फिरते आणि मधोमध येऊन थांबते.)

स्वाती : चालू होताना ते दोन्ही टोकांना जाऊन आपला मध्य शोधतं. डावं टोक तुम्ही बांधून ठेवलंत. त्याने चुकीचा मध्य खरा मानला. बिघाड एवढाच. बस, संचिता.

संचिता : मावशी, आता उजवीकडे जातेय. गेली, ठोकली.

भूपेश : बघा! सरळ चाक दिलं तरी ठोकतेच.

संचिता : हात अजून उजवीकडेच धरतोय, दादा. सुटेल सवय. वाकड्या चाकाची लागली तशी सरळचीही लागेल. रविवारपर्यंत वेळ आहे.

स्वाती : भूपेश, शेजारचं मशीन तुमचं. गेल्या शनिवारी सगळ्या पोरांसमोर त्याच्यावर बसून तुम्ही हिच्याशी खेळलात आणि हरलात. पाटी सोमवारी लागली. त्या मशीनचा दोरा कुठे आहे?

भूपेश : तोडला.

स्वाती : केव्हा?

भूपेश : दसऱ्यालाच. संध्याकाळी. गाडी ओढायला लागली म्हणून.

स्वाती : आणि हा नाही तोडलात.

भूपेश : मॅडम, पाटी काढतो. हिचं नाव पण घेतो. विषय संपवा.

स्वाती : पाटी काढू नका, उलटी करा. तिची मागची बाजू कोरी आहे. दोऱ्याची हकीकत त्या पोरांना तुमच्या शब्दांत कळावी की माझ्या, एवढंच ठरवा.

भूपेश : तुमच्या नको.

संचिता : मग सांगा दादा, मी लिहिते. एक शब्द बदलणार नाही.

भूपेश : लिही. "दोरा हाय, ते मला ठावं होतं. वाकड्या चाकावर तिनं मला हरवलं. चाक सरळ केलं असतं तर तिला अडवायला मला काय कारण उरलं असतं?"