बोटभर लांब बाही

अहो, ते आसन उचलून बाजूला नका ठेवू, त्याच्यावरच बसा – बसायलाच विणलंय ते! आत जुन्या साड्या कोंबल्यात, दाबून बसा, काही होत नाही – हां, अशा. आता पाणी घ्या. रुक्मिणीताई, खरं सांगू का, बेल वाजली तेव्हा मला वाटलं सिलिंडरवाला आला, म्हणून मी ही अशी, गाऊनवर ओढणी टाकून – आणि दारात तुम्ही! 'मी माणहून आले, दिग्विजयची आई' म्हणालात आणि माझ्या हातातली सुईच खाली पडली बघा. रविवारी बघण्याचा कार्यक्रम, आमच्या ह्यांनी सुट्टी टाकलेली, पोहे आणून ठेवलेले, अंबुमावशी मध्यस्थ म्हणून तुमच्याबरोबर येणार – सगळं कसं रीतीनं! आणि तुम्ही आज, गुरुवारी, एकट्या. सहज इकडं आले होते म्हणालात. येतं की माणूस! हिंजवडीपल्याडचं माण काय आणि पिंपरीचं संत तुकाराम नगर काय, दोन रिक्षा बदलल्या की आलंच सहज – नाही नाही, चेष्टा नाही करत, मला आनंद झालाय हो, आनंद झाला की माझं तोंड थांबत नाही. आमच्या लातूरकडं म्हणतात, हिला देवानं जीभ देताना हात आखडला नाही.

तुम्ही काय बघायलात ते कळलं मला. पाण्याच्या फिल्टरला टोपी कामून – हेच ना? सगळेच विचारतात. धूळ बसती म्हणून. मिक्सरला झबलं, रिमोटला मोजा, आणि तो तिकडं सिलिंडर – त्याला घागरा केलाय, खाली झालर आहे बघा, वाकून बघा. आमचे हे चाकणला कंपनीत आहेत ना, ते बसमध्ये सगळ्यांना सांगतात, आमच्या घरात एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही, बायको माप घेते. हसा, हसा! मीही हसते. पण गेल्या थंडीत पहिल्या शिफ्टला पहाटे निघताना कानटोपी कुणाची घातली? माझीच! वर म्हणतात, बाकीची पोरं मागायलीत, अजून चार करून दे. म्हणजे नावं ठेवायची आणि ऑर्डरही आणायची.

मी शिकले ते आत्ता अलीकडं. करिष्मा नोकरीला लागली, हे कंपनीत, घरात मी आणि टीव्ही – मग पिंपरी कॅम्पातल्या लोकरीच्या दुकानात एक आजी बसायच्या, त्यांनी टाके घालायला शिकवले. सुलट, उलट, सुलट, उलट. पहिला मफलर विणायला घेतला ह्यांच्यासाठी, आणि काय सांगू ताई, टाके घालायचे कसे ते शिकले, पण बंद कसे करायचे ते विचारायचंच राहिलं! आजी गेल्या लेकीकडं उल्हासनगरला. मग काय, मी विणतेय, विणतेय, लोकर संपली की नवा गुंडा आणतेय – मफलर पलंगावरून खाली आला, दारापर्यंत गेला, शेवटी हे म्हणाले, आता हा बाहेर सोड, जाऊ दे चाकणपर्यंत, मी ह्याच्यावरूनच चालत कंपनीत जातो. अजून आहे तो. आम्ही दोघं एकदम गुंडाळतो त्यात. थांबा दाखवते – नको? बरं, नंतर दाखवते.

मोबाइल वाजला का? थांबा हं. करिष्माचा मेसेज. मी तिला कळवलं ना, तुम्ही आल्यात म्हणून, तुम्ही चपला काढत होता तेव्हाच. काय लिहिलंय – 'आई, चहा दे, चिवडा दे, आणि कृपा करून कमी बोल.' बघा! आईला असं लिहितात! वर हात जोडलेले लावलेत, ते पण तीनदा. येतेच म्हणती, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाली हिंजवडीहून. आता हिंजवडीहून निघाली म्हणजे पोचेल तेव्हा खरी, त्या ट्रॅफिकमध्ये माणसाचं आयुष्य निघतं – तोवर आपण निवांत. चहात आलं चालतं ना? चालतं. मला माहीतच होतं, तुमच्याकडं आल्याशिवाय चहा – म्हणजे, माणकडं सगळे आलं घालूनच पितात ना, असं ऐकलंय. कुठंतरी ऐकलंय.

चहा होईपर्यंत ही बॅग बघा. लग्नातली माझी ट्रंक होती, तिच्यात मावेना, म्हणून ही घेतली. हा ह्यांचा स्वेटर. हे टोपडं शेजारच्या भाग्यश्रीच्या बाळाचं, बाळ मोठं झालं तरी माझं पुरं झालं नाही, आता पुढच्या बाळाला. हे पायमोजे, ह्यांची टाच जमायला मला किती वेळा उसवावं लागलं, रडले मी अक्षरशः टाचेपायी! आणि हा – हा नका काढू, हा अर्धवट आहे – काढलात का? बरं. सुंदर आहे ना रंग? वांगी रंग. हा... हा पण ह्यांचाच. हो, मोठा दिसतो जरा. हे बसले की मोठे दिसतात. खांदे? खांदे रुंदच आहेत ह्यांचे, भिंतीवरच्या त्या फोटोत नीट आले नाहीत. काय म्हणालात? बाही? कुठली बाही? एक बाही लांब झालीय, चुकलंय बहुतेक – चुकलंय? माझं? अहो ताई, मी टाके मोजून विणते, झोपेत उठवलंत तरी सांगेन कुठल्या ओळीला काय आहे! चूक नाही ती, मुद्दाम आहे – त्याचा डावा हातच बोटभर लांब आहे, उजवा मोडला होता ना लहानपणी चिंचेवरून पडून, तो जरा आखूडच राहिला, म्हणून डावी बाही –

...

चहा उतू चालला वाटतं.

बंद केला. हं. तर ते – चिंचेवरून म्हणजे ह्यांचंच सांगत होते मी. हे पण पडले होते. लातूरला. तिकडं पण चिंचा असतात की. आणि 'त्याचा' म्हणाले ते – नवऱ्याला अरे-तुरे करते मी कधीकधी, लाडात. ताई, असं बघू नका हो माझ्याकडं.

बरं. जाऊ द्या. मला खोटं विणताच येत नाही, सुरुवात केली की टाके गळतात. दिग्विजयचाच आहे तो स्वेटर. दिग्विजय येतो इथं. कधीपासून ते विचारू नका, तुम्ही आता जिथं बसल्यात तिथं बसून त्यानं दोन उन्हाळे आंब्याचा रस संपवलाय. त्यांच्या कंपन्या वेगळ्या, पण हिंजवडीत त्यांच्या इमारतीचं कॅन्टीन एकच, तिथं जमलं दोघांचं. आणि ताई, तुम्हाला कधी वाटलं नाही का हो – तुमचं घर माणला, पोराचं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पोरगा सकाळी सातला गाडी काढून बाहेर पडतो? कुठं जात असेल? इकडं यायचा! आधी पिंपरीला यायचा, करिष्माला घ्यायचा, आणि पुन्हा त्याच ट्रॅफिकमधून मागं हिंजवडीला! सगळं पुणे हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या देतं, आणि ही दोघं म्हणायची, आज लवकर पोचलो, अरेरे.

हसलात? आत्ता हसलात तुम्ही. नाही? मला वाटलं.

मग घरात सांगायचं कसं? तो म्हणाला, आमच्याकडं प्रेमलग्न चालणार नाही, आईनं चुलतबहिणीच्या वेळी स्पष्ट सांगितलंय, बघून-सवरून, मध्यस्थामार्फत झालं तरच लग्न. मग ह्या दोघांनीच अंबुमावशींना मध्यस्थ केलं! त्यांनीच बायोडाटा तुमच्याकडं पाठवला, तुमचा इकडं आला. आम्ही आपला उघडून वाचला, हे म्हणाले, वा, मुलगा चांगला दिसतोय – आणि मुलगा समोर बसून चिवडा खातोय! ताई, पाप माझ्या माथी घाला. माझ्या तोंडानं वाटोळं केलं बघा. रविवारपर्यंत तीन दिवस तोंड बंद ठेवायचं होतं, तेवढंही जमलं नाही. आधीची तीन स्थळं पोरीनं अशी नाकारली, बोलायचीच नाही कुणाशी, नुसती मान खाली. मला वाटायचं हिला लग्नच नकोय. आणि ह्याच्याबरोबर हसायची काय, भांडायची काय! ती मोडली तर मी काय करू?

आणि तुम्हाला म्हणून सांगते – तो तुमचंच बोलायचा हो इथं. मी माप घ्यायला उभा केला, टेप लावली, म्हटलं अगं बाई, हात सारखे नाहीत का रे तुझे? तर लाजला. म्हणाला, काकू, कुणाला दिसत नाही ते, कारण माझी आई दर नव्या शर्टाच्या उजव्या बाहीला आतून दुमडून टीप मारून देते. लहानपणापासून. शाळेचा शर्ट असो नाहीतर कंपनीचा, आईच्या हातून गेल्याशिवाय अंगात नाही. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हटलं, असल्या आईच्या घरी माझी पोरगी जाणार असेल तर मला काही काळजी नाही. आता तीच आई माझ्यासमोर बसलीय आणि मी –

काय काढायलात पिशवीतून? अगं बाई. हा... हा तर हिरवा स्वेटर! दिवाळीचा! हा माझा – हा त्यानं घरी घातला? मी बजावलं होतं ऑफिसात घाल म्हणून! मॉलमधून आणला म्हणाला तुम्हाला? आणि मग? सांगा की, आता थांबू नका.

सुईदोरा घेऊन बसलात. उजव्या बाहीला टीप मारायला. आणि – आणि मारायला काही नव्हतंच. बरोब्बर होती. हो, असणारच ना! काय म्हणालात, परत म्हणा, परत एकदा म्हणा – 'दुकानातल्या स्वेटरला काय म्हायती, माझ्या लेकाचा हात मोडला व्हता?'

ताई! म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आधीच! अंबुमावशीला जाऊन धरलंत आणि तिनं सगळं ओकलं? मग मघाशी ते बाही चुकलीय म्हणालात ते – मुद्दाम! मुद्दाम डिवचलंत मला! आणि मी वेडी, चिंचा काय, लातूर काय! किती छळलंत हो, मी रडायचीच बाकी होते – रडतेय, हो, हे आनंदाचं आहे, हे चालतं. दोन दिवस राग आला होता तुम्हाला? यायलाच पाहिजे. लेक खोटं बोलला म्हटल्यावर कुणाला येणार नाही. आणि मग ती बाही पुन्हापुन्हा बघितलीत. आणि काय वाटलं? 'त्याच्याकडं माझ्याशिवाय एवढं नीट कुणीतरी बघितलंय' – असं वाटलं? ताई, असं बोलू नका, मला आता काही म्हणजे काही दिसेना, चष्मा ओला झाला.

बरं, बरं, ऐकतेय. गंभीर होऊन ऐकतेय. रविवारी – हो. दौलतरावांना, दिग्विजयच्या वडिलांना, यातलं काही कळता कामा नये. म्हणजे चुलतबहिणीच्या वेळी तुम्ही बोललात ते त्यांच्यासाठी, अडचण तुमची नाही, त्यांची आहे होय! हो, पुरुषांचं तसंच असतं, रीत पाळली की झोप लागते त्यांना. म्हणजे आपण रविवारी पहिल्यांदाच भेटायचं. पोहे, चहा, मुलीला प्रश्न, सगळं. आणि पोरांना? पोरांनाही सांगायचं नाही तुम्हाला माहितेय ते? का बरं? खोटं बोलले ना, मग रविवारी जरा घाम फुटू दे त्यांना! अहो, तुम्ही तर माझ्याहून पोचलेल्या निघालात! तुम्ही विचारणार करिष्माला – मुलगा आवडला का, आधी कुठं बघितल्यासारखा वाटतो का? ताई, मी फुटणार. मी पोह्यांचं ताट घेऊन तिथंच फुटणार. नाही, नाही फुटत. शपथ. घ्या, चहा घ्या, गार झाला असेल, तरी घ्या. मग आज कशाला आलात म्हणून सांगायचं पोरीला? घर बघायला. हां, हे पटतं, सासवा येतातच घर बघायला. आणि हा हिरवा पिशवीत टाका, तळाशी टाका, वर ती जुडी ठेवा कोथिंबिरीची –

लॅच! लॅच वाजलं! आलीच ती, एवढ्या लवकर कशी काय, आज ट्रॅफिकलासुद्धा नेमकी – तो वांगी स्वेटर माझ्याकडं द्या, बसते मी त्याच्यावर, डोळे पुसा, तुमचे पुसा, माझे दिसत नाहीत, हसू नका, अजिबात हसू नका –

ये गं करिष्मा, ये. ह्या बघ कोण आल्यात, माणहून, दिग्विजयच्या आई. घर बघायला आल्यात सहज. हं, तर ताई, तुम्ही सांगत होता – मुलगा कसा आहे हो अंगानं? उंच आहे का जरा?