नववा भाग

—नाही नाही, सुईकडे बघू नकोस, पुस्तकाकडेच बघ. हां. झालं, गेलीसुद्धा आत. कळलं तरी का? आता मूठ आवळायची, सोडायची — आवळायची, सोडायची — सावकाश गं, तो चेंडू काही पळून जात नाहीये. सात-आठ मिनिटांचं काम. बोलायचं असेल तर बोल, नाहीतर मी बोलते, मला सवय आहे. इथे पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही ना, त्यामुळे माझं फावतं. काय म्हणत होते मी? हां — तुला हसले नाही मी. रक्तपेढीत रक्तपिपासूंची कादंबरी घेऊन आलीस म्हणून हसू आलं, एवढंच. आमचे डॉक्टर तर मला म्हणतात, बाई, तुम्ही ही नोकरी त्या मालिकेपायीच धरली असणार. नोकरी धरली पोटासाठी. पण वाचलेत मी. सगळेच्या सगळे, चौदाच्या चौदा. पहिला आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तू — तू जन्मली तरी होतीस का? बघ.

कुठवर आलीस? अर्ध्यावर? मग शेवट नाही सांगत, काळजी करू नकोस. या खाटेवर पडून लोकांनी मला काय काय ऐकवलंय त्या शेवटावरून — एक आजोबा येतात, दर तीन महिन्यांनी न चुकता. नातीसाठी आणायचे पुस्तकं. नात चौथ्या भागानंतर सोडून गेली, आजोबा अडकले. ते म्हणाले, असाच शेवट हवा होता, हिंमत लागते असं लिहायला. आणि त्यांच्या शेजारच्याच खाटेवर एक बँकेतल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, हिंमत कसली डोंबलाची, आमची वीस वर्षं परत द्या म्हणावं. दोघांच्या पिशव्या भरून झाल्या तरी भांडण संपेना, मला मध्ये पडावं लागलं. मला विचारशील तर — मला दोघांचंही पटतं, तीच तर पंचाईत आहे. रागही येतो आणि सोडवतही नाही. म्हणजे बघ, चौदा भाग ती पोरगी उराशी धरून बसलीय की मी याला माझ्या मनाने निवडलं, त्याच्यासाठी घर सोडलं, गाव सोडलं, सख्ख्या भावाशी वैर घेतलं — आणि शेवटी काय कळावं तिला, तर पहिल्याच भेटीत त्याने तिच्यावर भुरळ टाकली होती आणि — अरे देवा. सांगितलं का मी? सांगितलंच. तोंड आहे की काय आहे माझं. सॉरी हं. नाही, पण वाच तू, तरीही वाच, लिहिलंय छान. मूठ थांबवू नकोस. रागावलीस तर रागाव, पण मूठ चालू ठेव.

आम्ही त्याला उपाशी म्हणायचो. तो नाही का, माणसाचं रक्त पिणार नाही म्हणून शपथ घेऊन बसलेला? मी आणि माझी धाकटी बहीण. आई गेली त्या वर्षीची गोष्ट. आई ज्या वॉर्डात होती तिथे शेजारच्या पलंगावरची मुलगी बरी होऊन घरी गेली आणि उशीखाली पहिला भाग विसरून गेली. मी तो घरी आणला. आईच्या पिशवीत आईची चादर, आईचा चष्मा आणि ते पुस्तक. धाकटी अकरा वर्षांची होती. बोलायची नाही. बाबा कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग एक दिवस ती शाळेतून आली तशी मी तिला जेवणाच्या टेबलाखाली नेलं, वरून आईची चादर सोडली चारी बाजूंनी, आणि वाचायला लागले मोठ्याने. का? काय माहीत का. काहीतरी करायचं म्हणून. तिसऱ्या प्रकरणाला ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “ताई, हा जेवत का नाही पण?” तेव्हापासून उपाशी. हसलो आम्ही त्या दिवशी. आई गेल्यावर पहिल्यांदा.

मग काय, प्रत्येक भाग एकत्र. एकच पुस्तक, दोघींत मिळून. ती सावकाश वाचायची, मी पान संपवून थांबायची, ती मान हलवायची, मग उलटायचं. सहा भाग असे झाले. मी हे शिक्षण पुरं केलं, नोकरी धरली, तिला शिकवलं. आईची जागा घ्यायची नव्हती मला, पण जागा रिकामी होती ना, कोणीतरी बसायलाच हवं. मग तिचं लग्न झालं, ती गेली दुसऱ्या शहरात. सातवा भाग आला तो मी दोन घेतले — एक मला, एक तिला. खाकी कागदात गुंडाळायचा, इथलीच पांढरी चिकटपट्टी लावायची — अशी, तुझ्या हाताला लावलीय ना, हीच — आणि कुरिअर. दर रविवारी सकाळी फोन. तासभर! काय एकेक बोलायची. आठव्या भागात म्हणाली, “ताई, उपाशी स्वार्थी नाहीये गं, तो भित्रा आहे. लोकांना दोन्हीत फरक कळत नाही.” मला इतकं आवडलं ते की मी इथे शंभर जणांना सांगितलं असेल, माझी धाकटी बहीण म्हणते म्हणून.

हात दुखतोय? सैल सोड कोपर. हां.

नववा आला पाच वर्षांपूर्वी. तो मी — तो मी जरा वेगळा पाठवला. म्हणजे पुस्तक तेच. पण त्यात एक चिठ्ठी घातली. आता तुला म्हणून सांगते, कारण तू काही परत भेटणार नाहीस. आमच्या शिबिरांच्या गाडीवर एक ड्रायव्हर होते. गाडीवाले म्हणायचो आम्ही सगळे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणूस शांत. बर्फाच्या पेट्या मला कधी उचलू दिल्या नाहीत त्यांनी. मी एकदा पहिला भाग दिला वाचायला, तर आठवड्याने परत देताना म्हणतात कसे, “चांगलं आहे, पण मला त्या पोराचा राग येतो. जेवून घे म्हणावं एकदाचं.” मी इतकी हसले गाडीत की डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. मग एक दिवस शिबिरावरून येताना म्हणाले, “माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एक नुसतीच असते. तुम्ही विचार करा. घाई नाही.” बस्स. इतकंच. समोर रस्त्याकडे बघत.

तर ते लिहिलं मी चिठ्ठीत. आणि खाली लिहिलं की तुझ्या मनात काही असेल तर वाचून झालं की बोल. नसेल पटत तर काही बोलू नकोस, मी समजेन. का म्हणजे? फोनवर का नाही विचारलं? अगं, फोनवर विचारलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती, मन राखायला. मला तिचं खरं मन हवं होतं. आई नाही, बाबाही तोवर गेलेले — तिचं माहेर म्हणजे मीच की. मीच कुणाच्या घरी गेले तर ती सुट्टीला यायची कुठे? म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. आता तूच म्हणशील, चौतिसाव्या वर्षी धाकट्या बहिणीची परवानगी कसली मागतेस? मागितली खरी.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी फोन आला. “ताई, नववा संपला! इतकी रडले मी, इतकी रडले, डोळे सुजलेत माझे.” मी वाट बघतेय. ती उपाशावर बोलतेय, दीपगृहाच्या प्रसंगावर बोलतेय, मी नुसती हं हं करतेय. मग म्हणाली, “चल, ठेवते, स्वयंपाक राहिलाय.” पुढचा रविवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. समजले मी. मीच लिहिलं होतं ना, मी समजेन म्हणून. दोन महिन्यांनी गाडीवाल्यांना सांगितलं की नाही जमणार. ते म्हणाले, “बरं.” दुसऱ्या पेढीत गेले वर्षभरात. लग्न केलं त्यांनी, एका शाळेतल्या बाईंशी. दोन वर्षांची मुलगी आहे. छान झालं. नाही, खरंच छान झालं.

पिशवी भरत आली बघ. थोडंच राहिलं.

तर गेल्या वर्षी हा आला, चौदावा. शेवटचा. मी म्हटलं, हा काही कुरिअरने नाही पाठवायचा. चार दिवस रजा टाकली, दोन प्रती घेतल्या आणि गेले तिच्याकडे न कळवता. बिचारी गडबडली, पण आनंदलीही. दुपारची वेळ, ती स्वयंपाकघरात, मला म्हणाली, टॉवेल घे कपाटातून. मी खालचा खण ओढला. टॉवेल वरच्यात होते. खालच्यात घोंगड्या होत्या, आणि घोंगड्यांखाली माझं अक्षर. तिचा पत्ता, माझ्या हातचा. सात पुडकी. सातही — चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. कागद फाडून आत काय आहे ते बघावं, एवढंही नाही. मी तिथे जमिनीवर बसले आणि एकेक उचलून बघितलं. नववं उचललं. हलवून बघितलं, काय वेडी मी, जशी काही आत चिठ्ठी वाजणार होती.

ती आली दारात. म्हणाली, “ताई... वेळच नाही मिळाला गं.” म्हटलं, सात वर्षं? मग रडायला लागली. सहाव्यातच सोडलं म्हणाली. कंटाळा आला होता. वाचकांची एक वेबसाइट आहे म्हणे, तिथे सगळं असतं, गोष्ट काय, कुणाला काय वाटलं — ते रविवारी सकाळी वाचायचं आणि मला फोन करायचा. म्हटलं, मग सांगायचं ना, फोन करायची सक्ती होती का तुला? तर म्हणाली — आणि रागाने नाही हं, अगदी काकुळतीने म्हणाली — “पण ताई, तुझ्याकडे बोलायला दुसरं काय होतं?” तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मजेत विचारतोय, “काय, झाला का ताईंचा तास?” ताईंचा तास! घरात नाव होतं त्याला. तासिका असते तशी.

नववं पुडकं पिशवीत घातलं आणि चहाही न घेता निघाले. ती मागे मागे आली बसपर्यंत. “ताई, एवढं काय झालं, पुस्तकंच तर आहेत!” मी सांगितलं नाही तिला. अजून नाही सांगितलं. घरी येऊन ती वेबसाइट उघडली. उपाशी स्वार्थी नाही, तो भित्रा आहे — तिथे होतं ते. मांजरडोळी नावाच्या कुणी लिहिलेलं. शब्द न् शब्द. मी सहा वर्षं एका परक्या बाईचं वाक्य मिरवत होते, माझी बहीण म्हणते म्हणून.

फोन? करते ना, दर रविवारी. उचलत नाही मी. मग मेसेज यायला लागले. पहिला आला, “सातवा वाचला.” दीड महिन्याने, “आठवा संपला. मोठ्याने वाचला, लेकीला मांडीवर घेऊन. तिला काही कळत नाही, पण ऐकते.” मला वाटलं, ही पण त्या वेबसाइटचीच कृपा. पण नाही. अशा बारक्यासारक्या गोष्टी लिहिते, कुठल्या पानावर कोणाच्या कोटाचं बटण तुटलं — ते नसतं तिथे, मी शोधलं. आणि मग महिन्यापूर्वी आला, “ताई, नववा सापडत नाहीये. तुझ्याकडे आला का? पाठवशील?”

पाठवला. का नाही पाठवणार? दुकानात गेले, नवा विकत घेतला. जुनं पुडकं आहे तसंच आहे, तिथे, माझ्या लॉकरमध्ये, डब्याच्या मागे. नव्यात चिठ्ठी कशी असेल? नव्यात नाही. तिला कळलं तर ती स्वतःला खाईल गं, जन्मभर खाईल, मी ओळखते तिला, अकरा वर्षांची असल्यापासून. तिला ना, नुसतं पुस्तक वाचलं नाही एवढाच गुन्हा पुरे. बाकीचं माझं मी बघेन. परवा मेसेज आला, “नववा संपला. या वेळी खरंच रडले. फोन उचल ना.” नाही उचलला. उचलला तर बोलू काय? काय आवडलं तुला नवव्यात, असं विचारू?

थांब, सुई काढते. दाब कापसाने, हात वर. हां, असाच धर.

काय? ...काय म्हणालीस?

नाही, ऐकलं मी. मीही त्या उपाशासारखीच भित्री, असंच ना? परत नको म्हणूस. वय काय तुझं? — जाऊ दे. डोळ्यांपुढे अंधारी नाही ना? मग ऊठ. एकदम नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली. चार तास पट्टी काढायची नाही, या हाताने जड उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. बाहेर बाकावर दहा मिनिटं बसायचं, तिथल्या बाई सरबत देतील, ते संपवूनच जायचं. पुस्तक राहिलं बघ तुझं. घे. रक्त द्यायला आली होतीस ना? दिलंस. झालं.

पुढचे कोण आहेत? या. बाही वर करा.