सायलीनं नाव काढलं

आमचं मूळ कोकणातलं म्हणतात, पण कोकण काही मी पाहिलेलं नाही. मी जन्मले इथे बनारसला, मंगला गौरी मोहल्ल्यात, शिकले हिंदीत, आणि घरी मराठी बोलत आले ती ही अशी, अर्धी तुमची अर्धी बनारसची, तुम्हाला हसू येत असेल तर हसा, मला त्याचा राग नाही, राग मला दुसऱ्या गोष्टींचा येतो. एम.एस्सी. झाले आणि ह्या मुलींच्या कॉलेजात लागले, बी.एस्सी.च्या मुलींची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते, तिथेच केस पांढरे झाले.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे येतात त्या मुलींच्या घरात सायन्स शिकणारी बहुतेक हीच पहिली, बाप साड्या विणतो नाहीतर दुकानात बसतो. बारावीपर्यंत सगळं हिंदीत आणि इथे पुस्तक इंग्रजी. टायट्रेशन म्हटलं की घाबरतात, मी म्हणते, अगं हे तुझं अनुमापनच आहे, नुसते कपडे बदलून आलंय. दोपहरी प्रॅक्टिकल संपलं की कच्च्या मुलींना मी थांबवून घेते. काचेला हात लावायचा नाही, आधी प्रयोग तोंडानं करायचा, भाजी कशी केली ते सांगतो ना आपण तसा, आधी काय घेतलं, मग काय घातलं, रंग केव्हा आला. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी बोलते फार, मुली रडतातसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी येतात.

सायली तशीच आली, अकोल्याकडची, वडील रेल्वेत, बदली होऊन आलेले. सदा गप्प. एकदा मी तिला विचारलं, अम्ल और क्षार मिलकर क्या बनता है, तर म्हणाली क्षार. सगळ्या मुली हसल्या, मीही डाफरले, क्षारात घालून पुन्हा क्षारच कसा होईल. तर खाली मान घालून मराठीत पुटपुटली, आमच्या पुस्तकात असंच होतं. मग जवळ बसवून विचारलं, सांग काय होतं. तर बघा, मराठी पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, आपलं मीठ ज्या जातीचं ते, आणि आमच्या हिंदीत क्षार म्हणजे अम्लाच्या उलटं, तुम्ही ज्याला आम्लारी म्हणता ते. पोर बरोबरच सांगत होती हो, आणि इतके दिवस तिला वाटत होतं आपल्याला डोकंच नाही. त्या दिवसापासून ती माझी झाली. चारचौघींत मॅडम म्हणायची, एकटी असली की मावशी.

आणि शिकायला लागली ती काय शिकायला लागली, एकदा तोंडानं म्हटलं की हातात चूक नाही. पण तेवढ्यात तिच्या आईला लकवा मारला, एक अंग गेलं, वाचा गेली. वडील पहाटे ड्यूटीवर जायचे, मग आईला उठवायचं, धुवायचं, भरवायचं हिनंच. दुपारी शेजारीण येऊन बसायची तेव्हा ही सुटायची, धावत यायची. वडिलांना तिनं सांगितलं होतं, लेक्चर आता दुपारीच असतात. आणि परीक्षेला बसायला हाजिरी मोजतात ती सकाळच्या लेक्चरांची, माझ्या दुपारींची कोण मोजतो. मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले, भांडले, हात जोडले. त्या म्हणाल्या, एकीला सोडलं तर सगळ्या मागतील. असेल, त्यांचंही खरं असेल.

मग एक दिवस तिचे वडील लॅबच्या दारात, वर्दीतच, हातात पेढ्यांचा डबा. म्हणाले, बाई, पोट्टीनं नाव काढलं जी. कॉलेजातून फोन आला, सायलीचं नाम निकाला म्हणून. आधी तिच्या मायच्या तोंडात पेढा घातला, मग सरळ तुमच्याकडे आलो.

आमच्या ऑफिसातल्या बड़े बाबूंनी, हेडक्लार्कनी, सांगितलं असणार, परीक्षा की सूची से नाम निकाला गया है, आणि स्टेशनच्या गोंगाटात ह्यांच्या कानात तेवढंच पडलं. त्यातून मराठी माणूस दुसरं काय समजणार हो. सायली तिथेच पिपेट धरून उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. मग मीच वडिलांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, नापास झाली का जी. मी म्हटलं नाही, येतं तिला सगळं, सकाळी येऊ शकली नाही म्हणून. सकाळी का नाही, असं म्हणाले आणि पोरीकडे बघितलं, आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. एक शब्द रागावले नाहीत. डबा टेबलावर ठेवला, म्हणाले, पोरींना वाटून द्या, घरी परत नाही नेत. तिची माय हसली बाई, किती दिसांनी हसली. तिला काही नका सांगू.

नाही सांगितलं कुणी. मी भेटायला गेले की ती बाई धड हातानं माझा हात धरायची, सायलीकडे बघायची आणि डोळे भरून यायचे तिचे. मी म्हणायचे, हो हो, गुणाची आहे. थंडीत ती बाई गेली.

ह्या वर्षी ॲडमिशन सुरू झाल्या तशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. वडीलही म्हणत होते, जा पोरी. मी म्हटलं, पहिलं वर्ष पुन्हा कर, मी आहे. सायलीनं चहा केला, समोर ठेवला, आणि म्हणाली, मावशी, आई गेली ती मी पास झालेय असं समजून गेली, आता पुन्हा पहिल्या वर्षाला कशी बसू. मी पुष्कळ समजावलं, ओरडले, अगं वेडे, आई काय बघायला येणार आहे. ती नुसती कप उचलून आत गेली.

आता एका पॅथॉलॉजीत काउंटरवर बसते, रक्ताच्या नळ्यांवर पेशंटची नावं लिहिते. मला फार वाईट वाटतं, जीव तुटतो माझा. चुकतेय ती, कळतं मला, पण तिला चूक म्हणायला माझं मन होत नाही. सुखात राहो पोर, मी तरी आणखी काय म्हणू.